कोरा नवरदेव

मी प्रोसिजर लिहिते. लग्नाच्या पंगतीत कोणी विचारलं तर मी फक्त "कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढंच सांगते, कारण त्यापुढचं समजावेपर्यंत जेवण गार होतं. इथे मात्र थोडं सांगावं लागेल. एखाद्या धंद्याची सगळी माहिती डेटाबेस नावाच्या कोठारात भरलेली असते. त्या माहितीचं काय करायचं, याच्या ओळीने लिहून ठेवलेल्या सूचना म्हणजे प्रोसिजर. कोणाची गाडी सर्व्हिसिंगला आली ते शोध, त्याला मेसेज पाठव, नाही आला तर पुन्हा पाठव. सूचना चुकीच्या असल्या तर कॉम्प्युटर त्या चुकीच्या सूचनाही तितक्याच निष्ठेने पाळतो. मग लोक चिडतात आणि मला बोलावतात.

चूक शोधायला माझ्याकडे एक टूल आहे. त्यात प्रोसिजर उघडायची, ज्या ओळीचा संशय असेल तिच्या कडेला क्लिक करायचं, तिथे लाल ठिपका उमटतो. प्रोसिजर धावत येते आणि त्या ठिपक्यापाशी गपकन उभी राहते. त्यानंतर एक बटण दाबलं की एकच ओळ पुढे जाते. त्या क्षणी तिच्या पोटात काय आहे ते खालच्या चौकटीत दिसतं. माणसांना असं मध्येच थांबवून आत बघता आलं असतं, तर आमच्या कॉलनीतली निम्मी भांडणं मीच मिटवली असती.

आमचं ऑफिस वालीवला एका औद्योगिक गाळ्याच्या माळ्यावर आहे. खाली स्टीलचे डबे ठोकतात. सर माझ्यापेक्षा वयाने बरेच लहान आहेत आणि त्यांना प्रोसिजर हा शब्द आवडत नाही. ते "इंजिन" म्हणतात. खालच्या डब्यांच्या आवाजात गिऱ्हाइकाला इंजिन हा शब्द पटकन पटतो, असा त्यांचा अनुभव आहे.

आमचं सगळ्यात लाडकं इंजिन विरार पश्चिमेच्या एका वधू-वर सूचक केंद्रासाठी होतं. केंद्र चालवणाऱ्या बाईंना सगळे काकू म्हणतात. त्यांच्या सासूबाईंनी ते घरच्या हॉलमध्ये, पंख्याखाली बसून सुरू केलं होतं. काकूंनी हॉल तोच ठेवून त्याला ऍप जोडलं. मुलीने आपली माहिती आणि अपेक्षा भरायच्या, मुलाने आपली माहिती आणि अपेक्षा भरायच्या, आणि रोज सकाळी प्रत्येकीला तिच्यासाठी योग्य अशा मुलांची यादी मोबाइलवर यायची, सर्वांत योग्य मुलगा सर्वांत वर.

ही प्रोसिजर माझ्या आधीच्या माणसाने लिहिली होती आणि तो कॅनडाला गेला होता. आमच्या क्षेत्रात गुंतागुंतीच्या प्रोसिजर लिहिणारी माणसं कॅनडालाच जातात. जाताना ती ओळींच्या मध्ये पुढच्या माणसासाठी सूचना ठेवून जातात. याने जागोजागी एकच सूचना लिहिली होती: "हे तात्पुरतं आहे."

एके दिवशी काकू स्वतः रिक्षाने वालीवला आल्या. डब्यांच्या कारखान्यातून वाट काढत, पदर सावरत माळ्यावर चढल्या आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसल्या.

"तुमचं इंजिन बिघडलंय," त्या म्हणाल्या. "सगळ्या मुलींना एकच मुलगा दाखवतंय."

"सगळ्या म्हणजे?"

"सगळ्या म्हणजे सगळ्या. डॉक्टर मुलीला तोच, शिक्षिकेला तोच. अमेरिकेतलाच हवा म्हणणारीला तोच, आणि वसईच्या बाहेर जाणार नाही म्हणणारीलाही तोच. कालच्या हळदीकुंकवाला तीन आया एकाच मुलाबद्दल एकमेकींना सांगत होत्या. भांडणं व्हायची बाकी आहेत."

सर मागे येऊन उभे राहिले. "काकू, कदाचित तो खरंच चांगला असेल," ते म्हणाले.

"इतका चांगला कोणी नसतो," काकू म्हणाल्या. त्यांचा या धंद्यातला अनुभव मोठा आहे.

मी टूल उघडलं. गुण द्यायला सुरुवात होते त्या ओळीवर लाल ठिपका ठेवला. नमुन्याला एक मुलगी निवडली, बँकेत नोकरी करणारी, वसई पूर्वेची. आधी तिच्यासमोर एक साधा सरळ मुलगा उभा केला. नायगावच्या नव्या टॉवरमध्ये राहणारा इंजिनिअर. काकू दोघांनाही ओळखत होत्या.

"हे जुळायला हवं," त्या म्हणाल्या.

मी बटण दाबत गेले. कॅनडावाल्याची पद्धत अशी होती की प्रत्येक मुलाला सुरुवातीला शंभरपैकी शंभर गुण द्यायचे आणि दोष सापडेल तसे कापत जायचे. इंजिनिअर शंभरावर उभा होता. पहिली ओळ उंचीची. मुलीला पाच-आठच्या वर हवा होता, हा पाच-सात. गुण कापले.

"एका इंचासाठी?" काकूंनी विचारलं.

"ते तुम्हीच ठरवलं होतं, काकू."

"मी म्हटलं होतं की मुलींचा आग्रह असतो. मी काही काप म्हटलं नव्हतं."

पुढची ओळ. चष्मा आहे का? आहे. गुण कापले. कामाच्या वेळा विचित्र आहेत का? आहेत. गुण कापले. आई-वडील सोबत राहतात का? आई राहते. इथे बरेच कापले.

"अगं, त्याची आई फार गोड आहे," काकू म्हणाल्या. "माझ्याकडे आली की माझेच पाय चेपायला बसते."

"त्याला रकाना नाही."

इंजिनिअर एकेका ओळीला खाली येत होता आणि काकू खालच्या चौकटीतल्या आकड्याकडे, आजाऱ्याच्या नाडीकडे बघावं तशा बघत होत्या. शेवटी तो यादीत धरण्याइतकाही उरला नाही.

मग मी तो मुलगा घेतला, सगळ्यांना दिसणारा. शंभरावर उभा केला. बटण दाबलं. उंचीची ओळ आली. खालच्या चौकटीत उंचीसमोर काहीच नव्हतं. टूल अशा वेळी तिथे 'नल' असं दाखवतं. नल म्हणजे शून्य नव्हे. शून्य हे उत्तर असतं. नल म्हणजे कोणी काही सांगितलेलंच नाही. पाच-आठपेक्षा कमी आहेस का, असं नलला विचारलं तर तो हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. आणि कॅनडावाल्याने गुण कापायला सांगितले होते ते फक्त 'हो' आलं तर.

प्रोसिजर त्याला न शिवता पुढे गेली. चष्मा, नल. नोकरी, नल. पगार, शिक्षण, गोत्र, स्वयंपाक येतो का, आई-वडील सोबत का, सगळं नल. तो शंभर गुणांनी आत शिरला आणि शंभर गुणांनी बाहेर पडला.

"याने काहीच भरलेलं नाही," मी म्हटलं. "म्हणून याच्यात काही दोष नाही."

"आमच्या यांचंही स्थळ असंच आलं होतं," काकू म्हणाल्या. "मुलगा फार शांत आहे, एवढंच सांगितलं होतं."

रकाने रिकामे ठेवता येणं ही सोयही काकूंनीच मागून घेतली होती. लोक माहिती भरता भरता कंटाळून ऍप बंद करायचे. त्यावर सरांनी "कटकटमुक्त नोंदणी" असा उपाय काढला आणि त्याचं छोटं सादरीकरणही केलं होतं. नाव, वय, फोन आणि फोटो एवढं पुरेसं.

"पण हा आहे तरी कोण?" सरांनी विचारलं.

"आगाशीचा आहे, आडनावावरून," काकू म्हणाल्या. "फोटोत झाडच जास्त आहे."

दुरुस्ती सोपी होती. मी लिहिलं की माहिती रिकामी असेल तर तीही दोषात धरावी. टूलमध्ये चालवून बघितलं, कोरा नवरदेव शेवटच्या नंबरावर गेला. सरांनी माझं कौतुक केलं आणि ती प्रोसिजर त्याच संध्याकाळी चालू केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंचा फोन आला. त्यांचा आवाज शांत होता, म्हणजे त्या फार चिडल्या होत्या.

"आज कोणालाच कोणी दिसत नाहीये," त्या म्हणाल्या.

मी तपासलं. खरं होतं. प्रत्येकाने काही ना काही रिकामं सोडलेलं होतं, आणि जे भरलं होतं ते समोरच्याला चालत नव्हतं. माझी प्रोसिजर आता अगदी बरोबर होती, आणि तिच्या मते विरारपासून नायगावपर्यंत लग्नाला योग्य असं कोणीच कोणासाठी नव्हतं.

"काकू, खरं तर हेच बरोबर उत्तर आहे," मी म्हटलं.

"असेल. पण काल निदान एक मुलगा तरी दिसत होता."

मी मधला मार्ग सुचवला. जिथे माहिती नाही तिथे "विचारून घ्यावे" असं दाखवू. त्यावर काकू म्हणाल्या, "त्यांनीच विचारून घ्यायचं असेल तर मग मी कशाला आहे?" लग्नसराई तोंडावर होती. सरांनी सांगितलं की जुनंच परत लावा, नंतर बघू. मी जुनी प्रोसिजर परत लावली आणि वर एक ओळ लिहिली: "हे तात्पुरतं आहे." लिहिल्यावर मला कॅनडाच्या माणसाबद्दल पहिल्यांदाच आपुलकी वाटली.

त्या शनिवारी मी एक उद्योग केला. चाचणीच्या डेटाबेसमध्ये, म्हणजे जिथे खोटी माहिती भरून बघतात तिथे, माझी लग्नाआधीची माहिती भरली, त्या वेळच्या अपेक्षांसकट. मग नवऱ्याची भरली, सगळी खरी. ठिपका ठेवून एकेक ओळ पुढे नेली. घरी आल्यावर जेवताना त्याला सांगितलं की तू यादीत आलाच नसतास.

तो भाकरी मोडत होता. "किती गुण पडले?" त्याने विचारलं.

मी सांगितले.

"आणि माझ्या अपेक्षा घालून तुझे?"

"ते नाही चालवून बघितलं."

"मग नको बघूस," तो म्हणाला आणि त्याने ताकाचा गडवा माझ्याकडे सरकवला.

पुढच्याच आठवड्यात कोरा नवरदेव स्वतः ऑफिसात आला. काकूंनीच त्याला "तांत्रिक तक्रार आहे ना, मग वालीवला जा" असं सांगून पाठवलं होतं. चाळिशीच्या आसपासचा, उन्हाने रापलेला, स्वच्छ इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस. हातात केळीच्या पानात बांधलेला सोनचाफा होता. तो त्याने कोणाला द्यावा हे न समजून आधी प्रिंटरवर ठेवला.

"ताई, मी तो," तो म्हणाला. "सगळ्यांना दिसणारा."

आगाशीला त्याची वाडी होती. सोनचाफा, केळी, थोडी पानवेल. नोंदणी त्याच्या धाकट्या बहिणीने, त्याला न विचारता केली होती. पहाटे फुलं काढायच्या वेळेलाच फोन सुरू व्हायचे. आया, मावश्या, एकदा तर एका मुलीचे आजोबा.

"बहिणीने माझ्याबद्दल नक्की काय लिहिलंय?" त्याने विचारलं.

"काहीच नाही."

"मग त्यांना काय आवडतंय?"

"तेच."

मला वाटलं, तो आता नाव काढून टाका म्हणेल. मी ते पान उघडूनही ठेवलं होतं.

"नाव काढायचं का?" मी विचारलं.

"तसं नाही," तो म्हणाला. मग त्याच्या फोनवर बहीण आली आणि तो तिच्याशी घरच्या बोलीत काहीतरी भराभर बोलला. ती बोली मला निम्मीच कळते, पण "आत्ता नको, बाईंसमोर आहे" एवढं कळलं. फोन ठेवून तो म्हणाला, "एक जण आहे. नायगावची. तिच्या आईने नाही, तिने स्वतः फोन केला होता. भांडायला."

"भांडायला?"

"म्हणाली, मी मुंबईत नोकरी करणारा लिहिलंय, शाकाहारी लिहिलंय, पहिलंच लग्न असलेला नको, घटस्फोटित चालेल, उलट बरा, कारण मीही तशीच आहे, असंही लिहिलंय. तरी रोज सकाळी तुमचाच फोटो येतो. तुम्ही यातलं काय आहात? मी म्हटलं, यातलं मी काहीच नाही. त्यावर ती हसली. त्यानंतर चार-पाच वेळा बोललो."

"मग?"

"मग मला वाटलं, आपली माहिती खरी भरून टाकावी. उगाच रिकामं ठेवणं बरं नाही. पण भरली तर तिच्या यादीतून मी जाईन का, एवढंच विचारायला आलोय."

असा प्रश्न मला या नोकरीत कोणी कधी विचारला नव्हता. तिच्या अपेक्षा ऍपवर कोणालाही दिसतातच. मी त्या चाचणीच्या डेटाबेसमध्ये घातल्या. मग त्याला एकेक विचारत गेले आणि तो सांगत गेला. उंची, शिक्षण, वाडी, मासे खातो, आईची तब्येत नाजूक असते, ती सोबतच राहते. गाडी नाही, टेम्पो आहे. सगळं सरळ सांगितलं, कुठे थांबला नाही. पगाराच्या रकान्यापाशी मात्र म्हणाला, "फुलांना भाव असेल तसा." रकाना आकड्यांचाच होता, त्यामुळे आम्ही दोघांनी मिळून एक अंदाज घातला.

लाल ठिपका ठेवला. शंभर. मी बटण दाबलं. नोकरीच्या ओळीला मोठा घास गेला. आहाराच्या ओळीला त्याहून मोठा. तो टेबलावर दोन्ही हात ठेवून खालच्या चौकटीकडे बघत होता. एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. आईच्या ओळीपाशी त्याने विचारलं, "इथे पण?" मी हो म्हटलं. प्रोसिजर शेवटच्या ओळीवर पोचली तेव्हा त्याच्याकडे थोडेसेच गुण उरले होते.

"म्हणजे मी गेलो," तो म्हणाला.

"यादीतून. हे तिने लिहिलेल्यावर चालतं. ती काय म्हणेल ते यात नाही."

"ते कशात असतं?"

"ते आमच्याकडे नाही."

तो उठला. मला वाटलं, माहिती कोरीच ठेवा म्हणेल, आणि मी ती ठेवलीही असती. तो म्हणाला, "भरा ताई. सगळं भरा. आज मीच तिला फोन करून सांगतो, उद्यापासून मी तिकडे दिसणार नाही म्हणून." मग प्रिंटरवरचा चाफा उचलून त्याने माझ्या टेबलावर ठेवला आणि गेला.

मी सगळं भरलं. दुसऱ्या दिवसापासून तो कोणालाच दिसेनासा झाला. तीन आयांनी काकूंकडे तक्रार केली की मुलगा हातचा गेला.

पुढचं मला काकूंकडूनच कळलं. नायगावची ती रविवारी बसने आगाशीला गेली. कशाला, तर म्हणे चाफ्याचं झाड कधी बघितलं नव्हतं. ती फिजिओथेरपिस्ट होती आणि जाताच तिने त्याच्या आईच्या गुडघ्याकडे बघून, तुम्ही चुकीचा व्यायाम करता, असं सांगितलं. आईने दुसऱ्या रविवारी पुन्हा बोलावलं. मासे ती खात नव्हती ते शेवटपर्यंत खाल्ले नाहीत, आणि तो खात होता ते त्याने सोडले नाहीत. मुंबईतल्या नोकरीच्या अटीचं काय झालं, असं काकूंनी तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली की ती अट तिच्या आधीच्या नवऱ्याची नोकरी डोळ्यांसमोर ठेवून लिहिली होती, तीही का लिहिली ते आठवत नाही.

लग्न आगाशीला वाडीतच झालं. मी, सर आणि काकू तिघेही गेलो. काकूंनी भेटेल त्याला सांगितलं की जोडी इंजिनने जुळवली. सरांनी वधू-वरांसोबत फोटो काढून घेतला आणि तो आमच्या सादरीकरणाच्या पहिल्या पानावर गेला, खाली "अचूक निवड" असं लिहून. मी सरांना म्हटलं की इंजिनच्या मते हे लग्न व्हायलाच नको होतं. सर म्हणाले, "मॅडम, गिऱ्हाइकाला एवढं खोलात नेऊ नका."

अडचण वेगळीच झाली. कोऱ्या नवरदेवाला बायको मिळाली ही बातमी वसई-विरारभर पसरली, आणि लोकांनी त्यातून आपला अर्थ काढला. आधी काकूंचाच फोन आला की माझ्या भाच्याचं जेवढं भरलंय ते सगळं पुसून टाक. मग बाकीच्यांनी आपापलं पुसलं. उंची गेली, पगार गेला, चष्मे गेले, आया गेल्या. महिनाभरात केंद्रातली बहुतेक मुलं कोरी झाली आणि मग मुलीही. आता प्रोसिजर प्रत्येकाला प्रत्येकासाठी शंभरपैकी शंभर देत होती आणि यादी नावाच्या अक्षरांनुसार येत होती. अ आणि आ ची मुलं खुशीत होती.

शेवटी काकूंनी सासूबाईंचं जुनं काम सुरू केलं. हॉलमध्ये पंख्याखाली बसून त्या एकेका घरी फोन करू लागल्या. नवीन काय बदल करायचे ते समजून घ्यायला सरांनी मला तिथे पाठवलं. मी लॅपटॉप उघडून बसले. काकू कोणाच्या तरी आईशी बोलत होत्या.

"ते पगाराचं राहू दे, ते मी नंतर विचारते," त्या म्हणाल्या. "मुलगा घरात बोलतो का?"

पलीकडून बराच वेळ उत्तर येत राहिलं. काकू "हं, हं" करत होत्या. फोन ठेवून त्या माझ्याकडे वळल्या. "हे असं सगळं लिहायला मला जागा दे."

मी सरांना फोन लावला. ते म्हणाले, "मुलगा घरात बोलतो का, असा रकाना करा. हो किंवा नाही."

मी काकूंना तसं विचारलं. "बोलतो, पण जेवण झाल्यावर," त्या म्हणाल्या. "आणि भावाशी नाही. हे हो की नाही?"

मी लांब मजकुराचा एक रकाना केला, वाटेल तेवढं लिहिता येईल असा. त्यातलं काही प्रोसिजरला वाचता येत नाही, त्यामुळे गुण कापण्याचा प्रश्न येत नाही. काकू तो रोज भरतात, दोन बोटांनी टाइप करत, आणि मग ज्यांना बोलवायचं त्यांना स्वतःच फोन करतात. आमच्या सादरीकरणात त्याला इंजिनचा नवा भाग म्हणतात.